लेग पुलिंग म्हणजे पाय ओढणं? नाही बाप्पा, नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत काम करणारा पोरगा. त्याच्या टीममधला एक सीनियर त्याचं काम मुद्दाम अडवून ठेवतो, फाइल पुढे जाऊ देत नाही, मीटिंगमध्ये नेमक्या याच्याच चुका काढतो. यानं वैतागून अमेरिकेत बसलेल्या मॅनेजरबाईंना मेल टाकला, "माय सीनियर इज ऑलवेज पुलिंग माय लेग, प्लीज टेक स्ट्रिक्ट ॲक्शन." बाईंचं उत्तर आलं, "ग्लॅड यू गाइज आर हॅविंग फन!" आणि पुढे एक डोळा मारणारा चेहरा. आता तो विचारून राहिला की सर, पुलिंग माय लेग म्हणजे पाय ओढणंच ना, मग बाई हसल्या कायले?

पहिले हे ऐक की बाई तुझ्यावर हसल्या नाहीत. मेलमध्ये जे लिहिलं होतं ते त्यांनी वाचलं आणि त्याचंच उत्तर दिलं. तू लिहिलं पाय ओढतो, त्यांनी वाचलं गंमत करतो. तुझ्या वाक्यात स्पेलिंगची चूक नाही, ग्रामर पक्कं आहे आणि त्याच्यामुळेच सगळा घोळ झाला, कारण वाक्य मोडकंतोडकं असतं तर बाईंनी परत विचारलं तरी असतं की बाबा तुला नेमकं म्हणायचं काय आहे.

मी शंकरनगरला बावीस वर्षं झाली स्पोकन इंग्लिश शिकवून राहिलो, मधल्या काळात कोर्टकचेरीच्या कागदांची भाषांतरंही पुष्कळ केली, आणि माझा अनुभव असा की अवघड इंग्रजी म्हणी आपल्याला कधीच फसवत नाहीत. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' वाचलं की पाचवीतल्या पोराला पण कळते की आभाळातून कुत्री पडत नसतात, काहीतरी वेगळा अर्थ असेल, विचारावं कोणाला तरी. फसवतात त्या ओळखीच्या वाटणाऱ्या. लेग म्हणजे पाय, पुल म्हणजे ओढणे, आणि पाय ओढणे तर आपल्या घरात, ऑफिसात, राजकारणात रोज चाललेलं असते, मग डिक्शनरी कोण उघडते.

तर लंडनचा, न्यूयॉर्कचा किंवा सिडनीचा माणूस जेव्हा "यू आर पुलिंग माय लेग" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय असतं? की समोरचा मला काहीतरी खोटं, चेहऱ्यावरची रेष न हलवता, खरं म्हणून सांगतोय, मी विश्वास ठेवतो का ते बघतोय, आणि थोड्या वेळानं स्वतःच हसून कबूल करणार आहे. यात दोन गोष्टी लागतात, एक थाप आणि दुसरी गंमत. नुसती थाप असली, म्हणजे पैसे उकळायला किंवा काम साधून घ्यायला खोटं बोललं, तर ते पुलिंग लेग नाही, त्याला ते 'पुलिंग अ फास्ट वन' म्हणतील, आपण गंडवणं म्हणू, टोपी घालणं म्हणू. आणि नुसती गंमत असली, थाप नसली, तर तेही पुलिंग लेग नाही. ही दुसरी गोष्ट आपल्याकडं जवळजवळ कोणालाच माहीत नसते, त्याच्यावर येतोच मी खाली.

मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द आहे फिरकी घेणे. पाय नाही, टांग नाही, फिरकी. "ए, फिरकी घेतो का बे माझी?" हे "आर यू पुलिंग माय लेग?"चं अगदी नेमकं मराठी. मला हा शब्द लय आवडतो कारण त्यात क्रिकेटची फिरकी पण बसते, जामठ्याच्या मैदानावर बॅट्समनला वाटते बॉल बाहेर चालला आणि तो आत येऊन यष्टी घेऊन जातो, बॉल टाकणाऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र काहीच नाही. शेंडी लावणे पण जवळ येते पण त्यात थोडा फसवणुकीचा वास आहे, शेंडी लागलेल्या माणसाचं काहीतरी नुकसान झालेलं असते. फिरकीत नुकसान होत नाही, फक्त दोन मिनिटं आपण येडे ठरतो.

आता माझीच गोष्ट सांगतो, म्हणजे तुला वाटायला नको की सर जन्मतः शहाणे होते. एमए होऊन नुकतंच शिकवायला लागलो होतो, इंग्रजीचा मास्तर म्हणून छाती फुगलेली, आणि विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला चाललो होतो. समोरच्या बर्थवर एक वयस्क इंग्रज गृहस्थ. मे महिना होता, बोलता बोलता मी त्यांना सांगितलं की आमच्याकडं उन्हाळ्यात लोक लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून बाहेर पडतात, माझी आई मला अजून देते. ते डोळे मोठे करून म्हणाले, "यू आर पुलिंग माय लेग!" आणि मी काय केलं असेल? मला वाटलं माझा पाय यांना लागला. झटकन दोन्ही पाय वर घेतले, मांडी घातली, त्यांच्या गुडघ्याला हात लावून कपाळाला लावला आणि दोनदा सॉरी म्हणालो. ते बिचारे गोंधळले, मी गोंधळलो, अन् शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "काय झालं वो, पाय लागला काय?" पुढे वर्धा येईपर्यंत आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत बसलो. अर्थ मला मुंबईहून परत आल्यावर कळला, आणि लाज वाटली ती वेगळीच, पण त्यातला खरा मुद्दा कळायला अजून काही वर्षं गेली. त्या गृहस्थांनी माझ्यावर आरोप केलाच नव्हता. "यू आर पुलिंग माय लेग" हे निम्म्या वेळा आरोप नसतोच, ते आपल्या "काय सांगता!", "खरं काय?", "जा बे, काही पण!" सारखं असतं. म्हणजे तुमची गोष्ट इतकी भारी आहे की विश्वास बसत नाही. त्यावर उत्तर द्यायचं "नो, ऑनेस्टली" किंवा "आय ॲम सीरियस", आणि खिशातून कांदा काढून दाखवायचा.

थाप प्लस गंमत याचं सगळ्यात मोठं उदाहरण विचारशील तर बीबीसीनं १ एप्रिल १९५७ ला केलेलं. 'पॅनोरमा' नावाचा त्यांचा एकदम गंभीर बातमीपट, रिचर्ड डिंबलबी नावाचा अत्यंत भारदस्त निवेदक, आणि त्यांनी दाखवलं की स्वित्झर्लंडमध्ये यंदा स्पगेटीचं पीक जोरात आलंय, बाया झाडावरून लांब लांब शेवया तोडून टोपलीत भरून राहिल्या. त्या काळात इंग्लंडात स्पगेटी फार लोकांना ठाऊक नव्हती, त्यामुळं बीबीसीला फोनवर फोन, की हे झाड आमच्या बागेत कसं लावायचं. आता काटोल-नरखेडकडचा संत्र्याच्या बागेचा मालक असता तर एका मिनिटात म्हणाला असता हे काय येडे समजून राहिले काय, पण शहरी माणूस गंभीर आवाजाला फसतो. इंग्रजीत याला सरळ 'लेग-पुल' म्हणतात, नाम म्हणून. कोणाचा अपमान नाही, कोणाचं नुकसान नाही, देशभर थाप मारली आणि देशभर हसले.

आता ती दुसरी गोष्ट, जी मी वर ठेवून दिली होती. आपल्या भारतात लेग पुलिंगचा एक तिसराच अर्थ चालतो आणि तो इतका रुळलाय की आपल्याला वाटतं तोच खरा. कॉलेजच्या कट्ट्यावर, फुटाळा तलावावर, ऑफिसच्या चहाच्या टपरीवर, एखाद्यानं नवीन हेअरकट केला की सगळे मिळून त्याची खेचतात. "काय बे, न्हाव्याशी भांडण झालं काय?" आणि तो घरी जाऊन सांगतो, "दे वेअर पुलिंग माय लेग अबाउट माय हेअरकट." इंग्रज माणसाला हे वाक्य थोडं अडखळतं. कारण यात थाप कुठंय? हेअरकट खरंच वाईट आहे. तो म्हणेल "दे वेअर टीझिंग मी", ब्रिटिश असेल तर "टेकिंग द मिकी". खोटं सांगून फसवणं म्हणजे लेग पुलिंग आणि खऱ्या गोष्टीवरून चिडवणं म्हणजे टीझिंग. आपल्या खेचणे या शब्दात दोन्ही बसते म्हणून आपण इंग्रजीतही दोन्ही एकाच पोत्यात भरतो. भारतात भारतीयाशी बोलताना हे चालते, मी काही त्यासाठी कोणाचे मार्क कापत नाही, भारतीय इंग्रजी ही पण एक इंग्रजीच आहे आणि तिला स्वतःचे अर्थ असू शकतात. पण समोर परदेशी माणूस असला की लक्षात ठेव.

चिडवण्याचं म्हणशील तर नागपूरला कोणी शिकवायची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत (मोठा पुतळा) निघते, काळी, पिवळी, आणि सोबत ते बडगे, ज्याच्या नावानं शहर वैतागलं असेल त्याचा पुतळा करून, गळ्यात पाटी अडकवून, "घेऊन जाय गे मारबत" करत महालातून इतवारीतून मिरवतात. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, नेत्यांचा बडग्या. एका पोरीनं मला क्लासमध्ये विचारलं होतं की सर, परदेशी पाहुण्याला सांगायचं झालं तर बडग्याला लेग पुलिंग म्हणायचं काय. नाही म्हणायचं. बडग्या तोंडावर खरं बोलतो, लपवत काही नाही, ती खिल्ली आहे, सटायर आहे. लेग पुलिंगवाला मात्र लपून बसतो, शेवटच्या क्षणापर्यंत.

हा फरक नुसता पुस्तकी नाही. एकदा एका कॉलेजातल्या मुलाचा बाप माझ्याकडं आला, पोरानं होस्टेलमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलाला त्रास दिला होता आणि कॉलेजनं लेखी खुलासा मागितला होता, इंग्रजीत. पोरानं लिहिलं होतं, "वी वेअर ओन्ली पुलिंग हिज लेग." बापाला वाटत होतं वाक्य सुटसुटीत आहे, चालून जाईल. मी म्हटलं काका, हे वाक्य त्याला वाचवणार नाही, बुडवेल. यूजीसीचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम आहेत, त्यात रॅगिंगची व्याख्या करताना नवीन विद्यार्थ्याला चिडवणं पण धरलंय, आणि हा पोरगा स्वतःच्या सहीनं लिहून देऊन राहिला की हौ, आम्ही चिडवत होतो. त्यातून 'ओन्ली' लिहिलं, म्हणजे पश्चात्ताप पण नाही. शेवटी ते वाक्य काढलं, झालं ते जसंच्या तसं लिहिलं आणि सरळ माफी मागितली. आपल्याकडं लेग पुलिंग हा शब्द पांघरुणासारखा वापरतात, खाली काय झाकलंय ते बघावं लागते.

आता तुझा खरा विषय, आपलं पाय ओढणे. यात गंमत नाही, थाप नाही, निव्वळ खार आहे. वर चढणाऱ्याला खाली ओढायचं. खेकड्यांची गोष्ट तू ऐकलीच असशील, टोपलीला झाकण लागत नाही कारण एक वर चढला की बाकीचे त्याला खाली ओढतात, आणि दर वेळी कोणीतरी म्हणते हे मराठी खेकडे आहेत. (हे आपण फार प्रेमानं स्वतःबद्दल सांगतो, पण इंग्रजीत 'क्रॅब्ज इन अ बकेट' तसंच्या तसं आहे, म्हणजे खेकडे सगळीकडचे सारखेच.) आपल्या नागपुरात घोळ अजून वाढतो कारण इथे आपण अर्धं हिंदी बोलतो. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं, हिंदी काही आपल्याला परकी नाही, आणि हिंदीतल्या टांग खींचना मध्ये मस्करी पण येते आणि अडवणूक पण येते. मग डोक्यात असं होते, पाय ओढणे बरोबर टांग खींचना, टांग खींचना बरोबर लेग पुलिंग, म्हणून पाय ओढणे बरोबर लेग पुलिंग. गणितात हे चालते, भाषेत नाही चालत. मधल्या हिंदीच्या स्टेशनवर तुझी गाडी रूळ बदलून गेली.

इंग्रजीत पाय ओढण्याला शब्द नाहीत असं नाही. 'अंडरमाइनिंग मी' हा ऑफिसमधला सगळ्यात कामाचा, म्हणजे माझ्या पायाखालची जमीन पोखरतोय. 'होल्डिंग मी बॅक' म्हणजे पुढे जाऊ देत नाही. 'पुलिंग द रग फ्रॉम अंडर मी' म्हणजे ऐनवेळी आधार काढून घेतला, सतरंजीच ओढली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडं 'टॉल पॉपी सिंड्रोम' म्हणतात, शेतात जे खसखशीचं झाड सगळ्यांपेक्षा उंच वाढेल त्याचं बोंड पहिले छाटायचं. यातला पहिला शब्द पाठ करून ठेव, बाकीचे ऐकून माहीत असले तरी पुरे.

मग इंग्रजांनी पायच का ओढला, हात का नाही, शेंडी का नाही? यावर इंटरनेटवर एक गोष्ट फिरते, तुला पण कोणीतरी नक्की सांगेल. लंडनमध्ये टायबर्न नावाची फाशीची जागा होती, तिथे फाशी दिल्यावर माणूस लवकर मरत नसे, तडफडायचा, म्हणून त्याचे नातेवाईक, मित्र खाली लोंबकळून पाय ओढायचे, त्यावरून हा वाक्प्रचार आला म्हणे. यातला पाय ओढण्याचा भाग खरा आहे, तसं लोक खरंच करत. पण टायबर्नची शेवटची फाशी १७८३ ची, आणि हा वाक्प्रचार गंमत करण्याच्या अर्थानं छापील इंग्रजीत रुळलेला दिसतो तो १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात. मधली जवळजवळ शंभर वर्षं तो कुठे झोपला होता? शिवाय मरणाऱ्यावर दया म्हणून पाय ओढणं आणि गंमत म्हणून थाप मारणं, यांचा मेळ कसा बसवायचा? माझं मत विचारशील तर ही गोष्टच एक लेग-पुल आहे.

त्यापेक्षा मजेदार किस्सा दुसरा आहे. बरीच वर्षं या वाक्प्रचाराचा एक जुना पुरावा म्हणून एका डायरीचं नाव घेत. अल्बर्ट गॅलाटिन म्हणून अमेरिकेचे एक मोठे अर्थमंत्री होऊन गेले, नंतर ते फ्रान्समध्ये अमेरिकेचे राजदूत होते. त्यांच्या मुलाची, जेम्सची, डायरी १९१४ मध्ये छापून आली, आणि त्यात १९ व्या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदींमध्ये वडील एका माणसाचा गुपचूप 'लेग पुल' करतात असं वाक्य होतं. शब्दकोशवाले खूश, पुरावा मिळाला. मग १९५७ मध्ये रेमंड वॉल्टर्स नावाच्या इतिहासकारानं दाखवून दिलं की ही डायरीच बनावट आहे, कोणीतरी नंतर बसून रचलेली. म्हणजे लेग पुलिंगचा पुरावाच लेग पुलिंग निघाला. मी हे क्लासमध्ये सांगतो तेव्हा पोट्टे म्हणतात सर, तुम्ही आता आमचा लेग पुल करून राहिले. नाही, हे खरं आहे.

बहुतेक खरं कारण साधंच असावं, कोणाच्या पायात पाय घालून पाडणं. स्कॉटलंडमध्ये जुन्या बोलीत 'ड्रॉ द लेग' म्हणजे फसवणं असं होतं, आणि अमेरिकेत १९ व्या शतकाच्या शेवटी याच शब्दांना गोड बोलून पैसे काढणं असाही अर्थ होता. म्हणजे सुरुवातीला इंग्रजीतही यात थोडा खोडसाळपणा होता, हळूहळू तो धुवून निघाला आणि गंमत तेवढी उरली. पायच पाहिजे असंही काही नाही. स्पॅनिश माणूस यासाठी समोरच्याचे केस धरतो, म्हणजे आपली शेंडीच झाली ती. जर्मन माणूस समोरच्याला उचलून हातावर घेतो, लहान पोराला कडेवर घेतात तसं. फ्रेंच माणूस त्याला नुसता चालायला लावतो. एक काम, चार तऱ्हा.

वापरायचं कसं ते भरभर सांगतो. 'लेग' एकवचनी, एका माणसाचा एकच पाय ओढायचा, "पुलिंग माय लेग्ज" म्हटलं की खरंच कोणीतरी पलंगावरून खाली ओढतंय असं वाटते. फसले अनेकजण असतील तर मात्र "पुलिंग अवर लेग्ज" चालते. "पुलिंग लेग ऑफ मी" कधीच नाही. बहुतेक वेळा हे 'आयएनजी' लावूनच येतं, आणि दोनच जागी येतं, एक तर संशय आल्यावर, "आर यू पुलिंग माय लेग?", नाहीतर कबुली देताना, "आय ॲम जस्ट पुलिंग युअर लेग." कॉलवर क्लायंट असं कबूल झाला तर तोंड पाडून बसू नको, "यू गॉट मी" किंवा "यू हॅड मी देअर" म्हण आणि हस, विषय संपला. "प्लीज डोन्ट पुल माय लेग सर" हे आपलं खास वाक्य, गल्लोगल्ली ऐकू येतं, त्यात चूक काही नाही पण ते परीक्षेतल्या निबंधासारखं वाटते.

इंग्रज लोक कधीकधी म्हणतात, "पुल द अदर वन, इट्स गॉट बेल्स ऑन." म्हणजे हा पाय ओढून झाला असेल तर आता दुसरा ओढ, त्याला घुंगरू बांधलेत. अर्थ काय तर तुझ्या थापेवर माझा काडीचा विश्वास नाही. हे आपल्या "चल बे, दुसरीकडं जाऊन सांग" च्या जवळ जाते. तुझ्या वयाचे अमेरिकन पोरं मात्र लेगबिग फार म्हणत नाहीत, ते "जस्ट किडिंग" किंवा "आय ॲम मेसिंग विथ यू" म्हणतात. ब्रिटिश "वाइंडिंग यू अप" म्हणतील. अमेरिकनांचं एक "यँकिंग माय चेन" आहे, त्यात थोडी चीड असते, कुत्र्याची साखळी उगाच हिसकावल्यासारखी.

पायाचे बाकीचे नमुने पण लोक यात मिसळतात. 'ब्रेक अ लेग' हे नाटकात एंट्री घेण्याआधी शुभेच्छा म्हणून, एका पालकांनी ते शिक्षिकेच्या तोंडून गॅदरिंगच्या दिवशी ऐकलं आणि रागावून ऑफिसात गेले होते, मीच समजावलं. 'शेक अ लेग' चा अर्थ तिकडं मुख्यतः लवकर उठ, हात चालव असा, आपल्याकडं मात्र लग्नाच्या संगीतात नाचा म्हणून. 'पुलिंग स्ट्रिंग्ज' म्हणजे वशिला लावणे. हे तिन्ही वेगळे विषय आहेत, पुन्हा कधी.

कोण कोणाचा पाय ओढू शकतो, हे मात्र पुस्तकात मिळत नाही. तिकडं ज्युनियरनं बॉसची फिरकी घेतली तर, ओळख झालेली असेल तर, चालून जाते, उलट पोरगा मोकळा आहे असं समजतात. आपल्याकडं मामानं भाच्याची घ्यायची, दिरानं वहिनीची घ्यायची, सासऱ्यानं जावयाची घ्यायची नाही, हे सगळं आधीच ठरलेलं. तुझ्या मॅनेजरबाईंनी तुझा मेल वाचून हेच समजलं असेल की टीम छान घट्ट झाली, सीनियर ज्युनियरशी गंमत करतो, भारतातलं ऑफिस मस्त चाललंय. म्हणून तो डोळा मारणारा चेहरा. आणि हे बघ, बाईंनाही कधीतरी खरंच फिरकी वाटेल. मे महिन्यात कॉलवर हवामानाचं निघालं आणि तू सांगितलं इथे ४६ डिग्री आहे, तर त्या नक्की म्हणणार "आर यू पुलिंग माय लेग?" तेव्हा गडबडू नको. त्यांच्या फॅरनहाइटमध्ये ते ११५ च्या जवळ जाते, तेवढं सांग. पण २०२४ च्या मे महिन्यातला तो ५६ डिग्रीचा आकडा सांगू नको, तो स्वयंचलित केंद्राच्या यंत्राचा बिघाड होता असं हवामान खात्यानंच सांगितलं, नाहीतर तू फिरकी घेणारा ठरशील.

आता मेल. पहिलं म्हणजे त्या मेलला लागूनच दुसरा टाक, नवीन धागा काढू नको, आणि सुरुवातच अशी कर, "आय यूज्ड द राँग फ्रेज इन माय लास्ट मेल." यात लाजण्यासारखं काही नाही, उलट बाईंना कळेल की आधीचा मेल गमतीचा नव्हता. मग म्हणबिण काही नको. "माय सीनियर हॅज बीन होल्डिंग अप माय वर्क." आणि लगेच खाली तारखा, कोणत्या तारखेला कोणती फाइल रिव्ह्यूला दिली, किती दिवस पडून होती, मीटिंगमध्ये काय झालं, तीन-चार ओळी, विशेषणं नकोत. तुला फारच वाटलं तर शेवटी एकदा "आय फील आय ॲम बीइंग अंडरमाइन्ड" लिही, पण एकदाच, आणि तारखांच्या नंतर, आधी नाही. त्या सीनियरचा स्वभाव कसा आहे, तो कोणाच्या जवळचा आहे, हे काही लिहू नको, मराठीत सांगायला ते बरं वाटते, मेलमध्ये ते उलटते.

लिहून झालं की पाठवायच्या आधी मला एकदा दाखव, आणि ते 'स्ट्रिक्ट ॲक्शन' मधलं स्ट्रिक्ट काढून टाक.